कोसळण्याची नोंद : वैज्ञानिक विश्लेषणातील संगणकीय बिघाडांची प्रस्तावना

१. विषयाचे क्षेत्र

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतकी मोजमापाला वाव देणारी भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. साताऱ्याच्या पश्चिम कड्यावर महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला, माणदेशात, तसेच सांगलीच्या आटपाडी आणि जत भागात, त्याची सरासरी ६०० मिलिमीटरच्या आत राहते. पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयालगतची जमीन १९६० च्या दशकापासून हादरे नोंदवत आली आहे. सांगलीत १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी फुटांत वाचले जाते. तेथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे आणि कऱ्हाडला भूगर्भात खोल छिद्रे घेऊन भूकंपांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. त्यांच्याबरोबरच दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत माती, पाणी, द्राक्ष, हळद आणि लोकजीवन यांच्या नोंदी घेणारे विद्यार्थी आणि अध्यापक मोठ्या संख्येने आहेत.

या नोंदी एके काळी वह्यांत आणि तक्त्यांत राहत असत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी माणसे करत असत. आज त्या संगणकाच्या फायलींत येतात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम आर, पायथॉन, मॅटलॅब, एसपीएसएस यांसारखी साधने करतात. मोजलेल्या आकड्यांपासून निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या या साधनांना एकत्रितपणे वैज्ञानिक डेटा विश्लेषणाचे सॉफ्टवेअर म्हणता येईल. असे सॉफ्टवेअर काम अर्ध्यावर टाकून बंद पडते, पडदा जागच्या जागी गोठतो किंवा लाल अक्षरांत एक लांबलचक इंग्रजी मजकूर उमटतो, तेव्हा बोलीभाषेत ‘प्रोग्राम उडाला’, ‘हँग झाला’, ‘क्रॅश झाला’ असे म्हटले जाते. त्यानंतर बहुतेक ठिकाणी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो, आणि तेवढ्याने भागले नाही तर ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा सल्ला मिळतो. या दोन्ही उपायांनी काम कधी कधी पुढे सरकते, परंतु काय घडले याचा पुरावा त्याबरोबरच पुसला जातो.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा पुरावा आहे. सॉफ्टवेअरचे कोसळणे हीसुद्धा एक नोंद आहे, ती वाचता येते, आणि ती वाचणे हा संशोधनाचाच भाग आहे. ते दुरुस्तीच्या दुकानावर सोपवून देण्याचे काम नव्हे, या भूमिकेवर संपूर्ण पुस्तक उभे आहे.

नवख्या वाचकाने सुरुवातीलाच चार अवस्था वेगळ्या ओळखणे इष्ट ठरते. पहिल्या अवस्थेत प्रोग्राम नकार देतो, म्हणजे चूक दाखवणारा संदेश देऊन शिस्तीत थांबतो. दुसऱ्या अवस्थेत तो अडकतो, म्हणजे थांबतही नाही आणि पुढेही जात नाही. तिसऱ्या अवस्थेत तो कोसळतो, म्हणजे त्याला स्वतःला काही सांगण्याचीही संधी मिळत नाही आणि संगणकाची कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, त्याला बाहेर काढते. चौथी अवस्था सर्वांत शांत असते : प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो, तक्ता आणि आलेख देतो आणि त्यातला आकडा चुकीचा असतो. पहिल्या तीन अवस्थांत संशोधकाचा वेळ जातो, तर चौथ्या अवस्थेत चुकीचे विधान शास्त्राच्या नावाने प्रसिद्ध होते. म्हणून कोसळण्याचा अभ्यास करताना न कोसळलेल्या प्रोग्रामकडेही डोळसपणे पाहावे लागते.

२. बिघाड कोठे राहतात

बिघाडांची ठिकाणे ढोबळपणे पाच सांगता येतात, आणि पाचांचीही उदाहरणे या दोन जिल्ह्यांच्या नोंदींतच मिळतात.

पहिले ठिकाण मेमरी, म्हणजे प्रोग्राम चालू असताना आकडे मांडून ठेवण्याची तात्पुरती जागा. एका भूकंपमापकावर तीन दिशांची कंपने सेकंदाला १०० वेळा नोंदवली जातात असे धरले, तर एका दिवसात २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे जमतात. प्रत्येक आकड्याला ८ बाइट जागा दिली, तर एका केंद्राचा एक दिवस सुमारे २०७ मेगाबाइट व्यापतो, आणि दहा केंद्रांचा एक महिना ६२ गिगाबाइटांपर्यंत जातो. महाविद्यालयातील ८ गिगाबाइट मेमरीच्या संगणकावर ही फाईल एका आज्ञेत उघडू पाहणारा प्रोग्राम बंद पडला, तर त्यात गूढ काहीच नाही. आकडेमोड कागदावर आधी केली असती तर ते दिसलेच असते. अशा वेळी आर जागा मिळत नसल्याचे सांगून नकार देते, तर लिनक्सवर कार्यप्रणालीचा गाभा स्वतःच भरपूर मेमरी अडवून बसलेला प्रोग्राम थांबवतो आणि पडद्यावर ‘किल्ड’ एवढाच शब्द उरतो. मेमरीचा दुसरा दोष हद्दीचा आहे. शेतकऱ्याने आपला बांध ओलांडून दुसऱ्याच्या गटात नांगर घालावा, तसा प्रोग्राम आपल्याला न दिलेल्या जागेला हात लावतो तेव्हा कार्यप्रणाली त्याला तत्काळ थांबवते. या घटनेला सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात.

दुसरे ठिकाण आत येणारा डेटा. पावसाच्या नोंदवहीत पाऊस पडला नाही त्या दिवशी ‘निरंक’ लिहिण्याची जुनी सरकारी रीत आहे, आणि ज्या दिवशी मोजणीच झाली नाही तो रकाना रिकामा राहतो. माणसाला हा फरक लगेच कळतो, परंतु आकड्यांच्या स्तंभात ‘निरंक’ हा एक शब्द आला की विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बहुधा संपूर्ण स्तंभच मजकूर समजते आणि सरासरी काढण्यास नकार देते. त्रासलेल्या विद्यार्थ्याने सगळे ‘निरंक’ आणि सगळे रिकामे रकाने एकाच वेळी शून्य करून टाकले, तर प्रोग्राम मुकाट चालू लागतो, आणि न मोजलेले दिवस कोरडे दिवस म्हणून सरासरीत जातात. नकार हा येथे उपकार होता आणि घाईच्या दुरुस्तीने त्याचे रूपांतर चौथ्या अवस्थेत केले.

तिसरे ठिकाण लिपी. संगणक अक्षरे साठवतो ती संकेतांकांच्या रूपात, आणि युनिकोड ही त्या संकेतांकांची जागतिक यादी आहे. तिच्या यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून ‘सांगली’ या सहा चिन्हांच्या शब्दाला १८ बाइट लागतात, आणि रकान्याची लांबी बाइटांत मोजणारा जुना प्रोग्राम हा शब्द मध्येच तोडतो. ‘कऱ्हाड’ हे नाव तर अभ्यासाचाच विषय आहे. त्यातला ‘ऱ’ एकाच संकेतांकाने लिहिता येतो, ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन संकेतांक जोडूनही लिहिता येतो, आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र अदृश्य जोडचिन्ह वापरून तिसऱ्या प्रकारेही उमटवता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, परंतु एका तक्त्यातील कऱ्हाड दुसऱ्या तक्त्यातील कऱ्हाडशी जुळत नाही आणि तालुक्याच्या सर्व नोंदी जोडणीतून गळून पडतात. देवनागरी अंकांचेही असेच आहे : ‘१२’ हा मजकूर पायथॉन बारा म्हणून स्वीकारते, तर आर तो संख्या म्हणून ओळखत नाही. विंडोजवर आरने यूटीएफ-८ ही मूळ मांडणी म्हणून स्वीकारली ती २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून. त्यापूर्वी मराठी अक्षरांच्या फायली उघडताना आलेल्या अडचणींचे मूळ पुष्कळदा येथेच होते.

चौथे ठिकाण संख्येचे संगणकातील रूप. दशमान पद्धतीत जसा एक भागिले तीन संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत ०.१ संपत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची संगणकातली बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, आणि ‘दोन्ही समान झाले की थांब’ अशी अट घातलेला प्रोग्राम कधी थांबतच नाही. पूर्णांकांची अडचण वेगळी आहे. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट आहे. ती घनफुटांत लिहायची म्हणून १०५ या पूर्णांकाला शंभर कोटींनी गुणले, तर उत्तर या मर्यादेबाहेर जाते. आरमध्ये हा गुणाकार ३२ बिटांच्या पूर्णांकांत केला, तर इशारा मिळतो आणि उत्तराच्या जागी ‘अनुपलब्ध’ अशी खूण येते. पायथॉनच्या नमपाय या संग्रहात, २०२४ मधील २.० आवृत्तीपूर्वी विंडोजवर पूर्णांक मुळातच ३२ बिटांचे धरले जात, आणि तेथे हाच गुणाकार १,९२,०७,८४,८९६ असे उत्तर कसलाही इशारा न देता देत असे. तुडुंब भरलेले कोयना धरण दोन टीएमसीच्याही खाली गेलेले दिसते, आकडा ऋण नसल्यामुळे नजरेत खुपत नाही, आणि लिनक्सवर चालवलेला तोच प्रोग्राम बरोबर उत्तर देत असल्यामुळे दोन सहकारी एकमेकांवर अविश्वास दाखवू लागतात.

पाचवे ठिकाण परिसर, म्हणजे ज्या आवृत्त्यांच्या, संग्रहांच्या आणि कार्यप्रणालीच्या संगतीत प्रोग्राम चालतो ती एकूण मांडणी. पायथॉनची एक ओळ सी भाषेतील संग्रहाला हाक मारते, तो फोरट्रानमध्ये घडलेल्या गणिती संग्रहाच्या आधारावर काम करतो, आणि या थरांपैकी एक बदलला तर वरची ओळ अक्षरशः तीच राहूनही कोसळू शकते.

३. बिघाडशोधाची वाटचाल

मोजणाऱ्या साधनावरच शंका घेण्याची शिस्त संगणकापेक्षा जुनी आहे, आणि तिचा एक मोठा प्रतिनिधी साताऱ्याच्या मातीतला आहे. जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय शेतीच्या उत्पन्नाचे अंदाज यादृच्छिक नमुन्यांवर आधारण्याची पद्धत घडवली. १९४० च्या दशकातील त्यांच्या अभ्यासांनी हे दाखवले, की पीक कापणीच्या प्रयोगासाठी घेतलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न वाढवून दिसते, कारण सीमेवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो. शेतातली मोजणी कोणत्याही अडथळ्याविना पार पडली होती आणि तरीही आकडा फुगलेला होता. या पुस्तकात ज्याला शांत बिघाड म्हटले आहे, त्याचे हे संगणकपूर्व रूप होय.

संगणकावरील बिघाडशोधाचा इतिहास वैज्ञानिक आकडेमोडीपासूनच सुरू होतो. केंब्रिज येथे मे १९४९ मध्ये ईडसॅक हा संगणक चालू झाल्यावर मॉरिस विल्क्स यांनी एका गणिती समीकरणासाठी लिहिलेल्या १२६ ओळींच्या प्रोग्राममध्ये सुमारे २० चुका होत्या. त्याच प्रयोगशाळेतील स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये चुकांच्या निदानावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि प्रोग्राम थांबल्यावर मेमरीची तपासणी करण्याचा एक मार्ग आणि चालू असताना पावलागणिक पाठलाग करण्याचा दुसरा मार्ग मांडला. पुढील सत्तर वर्षांतील बहुतेक साधने या दोन मार्गांचाच विस्तार आहेत. चुंबकीय कड्यांच्या मेमरीच्या काळात कोसळलेल्या प्रोग्रामची सगळी मेमरी छापून काढली जाई, आणि ‘कोअर डंप’ हे त्या छापील ढिगाचे नाव कड्या नाहीशा झाल्यावरही टिकून राहिले.

भाषांचा प्रवाह याला समांतर वाहत होता. आयबीएमने १९५७ मध्ये फोरट्रान आणली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी संगणक उभा राहिला, बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये संख्याशास्त्रासाठी एस ही भाषा जन्मली आणि तिच्या वळणावर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेल्या आरची १.० आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक दिला, आणि नमपाय २००६ मध्ये आल्यावर पायथॉन विज्ञानशाखांत वेगाने पसरली. आर आणि पायथॉन विनामूल्य असल्यामुळे एकट्यादुकट्या महाविद्यालयालाही परवान्याच्या खर्चाविना विश्लेषण शक्य झाले. मात्र परवान्याबरोबर येणारा मदतकक्षही त्यामुळे उरला नाही, आणि बिघाड शोधण्याची जबाबदारी प्रथमच सरळ संशोधकाच्या टेबलावर आली.

याच काळात बिघाडांनी आपली किंमत जगाला दाखवली. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी छापील तक्त्यातील ०.५०६ हा आकडा भरला आणि हवामानाचे गणित पुढे पूर्णपणे वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी ती विसंगती संगणकाचा दोष म्हणून सोडून दिली नाही, म्हणून गोंधळाच्या गणिताचे एक नवे शास्त्र उघडले. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाला, कारण एरियान ४ साठी लिहिलेल्या प्रोग्रामात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली गेली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत करोनाचे १५,८४१ रुग्ण नोंदीतून सुटले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींनंतर जागाच नव्हती. त्याच वर्षी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी नावे बदलल्याचे जाहीर केले, कारण एक्सेल त्यांना तारखा समजत असे.

४. प्रमुख संप्रदाय

बिघाडशोधाचे जे संप्रदाय आज दिसतात, त्यांतला पहिला शवविच्छेदनाचा. प्रोग्राम कोसळल्यावर मागे राहिलेल्या खुणा वाचणे हे त्याचे काम, आणि त्यातली मुख्य खूण म्हणजे स्टॅक ट्रेस. एका कामाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारत गेल्यावर मडक्यांच्या उतरंडीसारखी रचना होते, आणि कोसळताना ती सगळी उतरंड छापली जाते. पायथॉन ती छापते तेव्हा सर्वांत अलीकडची हाक तळाशी असते आणि आरमध्ये ती वर असते. एवढे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ नवखे वाचक संदेशाच्या चुकीच्या टोकाकडे पाहत राहतात.

दुसरा संप्रदाय पाठलागाचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबीसारख्या साधनांनी प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आतले आकडे पाहता येतात, आणि जागोजागी मधले आकडे छापून पाहणे हा याच संप्रदायाचा साधा परंतु आजही सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. २००२ मधील व्हॅलग्रिंडने त्यात पहारेकऱ्याची भर घातली : प्रोग्राम मेमरीची हद्द ओलांडतो त्या क्षणीच ते बोट दाखवते, मग प्रोग्राम कोसळो अथवा न कोसळो.

तिसरा संप्रदाय आकुंचनाचा, म्हणजे बिघाड कायम ठेवून बाकी सगळे कमी करत जाण्याचा. दहा लाख ओळींच्या फाईलमध्ये एकच ओळ दोषी असेल, तर दर वेळी फाईल निम्मी करून तपासल्यास जास्तीत जास्त वीस तपासण्यांत ती सापडते. दोष दोन ओळींच्या एकत्र येण्यात असेल तर साधे निम्मे करणे पुरत नाही, आणि आंद्रेआस झेलर यांनी १९९९ च्या सुमारास मांडलेली पद्धत अशा जोडदोषांनाही लागू पडते. इतरांकडे मदत मागताना जे किमान उदाहरण द्यावे असे सांगितले जाते, ते याच आकुंचनाचे फळ आहे, आणि ते तयार करता करता निम्म्याहून अधिक वेळा उत्तर स्वतःलाच सापडते असा अनुभवी मंडळींचा निर्वाळा आहे.

चौथा संप्रदाय प्रतिबंधाचा. प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्यावर काय खरे असलेच पाहिजे हे आधी लिहावे, हा विचार टोनी होअर यांनी १९६९ मध्ये तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला. पाऊस ऋण असू शकत नाही आणि धरणातील साठा क्षमतेच्या फार वर जाऊ शकत नाही अशा अटी प्रोग्राममध्ये घालणे हे त्याचे घरगुती रूप होय. पाचवा संप्रदाय पुनरुत्पादनाचा. स्टॅनफर्ड येथील भूभौतिकतज्ज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी १९९० च्या दशकारंभी असा आग्रह धरला, की संगणकीय निष्कर्षाबरोबर तो पुन्हा मिळवण्याची संपूर्ण सामग्री द्यावी. २००५ मधील गिट आणि २०१३ मधील डॉकर यांनी प्रोग्रामच्या आवृत्त्या आणि त्याचा परिसर जपून ठेवणे सोपे केले, आणि एका यंत्रावर चालते व दुसऱ्यावर कोसळते या तक्रारीला पुरावा मिळण्याची सोय झाली.

५. नाभी आणि अपिकेंद्र

या संप्रदायांत मतभेद असले, तरी बिघाड जेथे दिसतो तेथेच तो जन्मतो असे नाही, यावर त्यांचे एकमत आहे, आणि हे तत्त्व समजावण्यासाठी कोयनेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपशास्त्रात खडक जेथे प्रत्यक्ष तुटतो त्या खोलवरच्या स्थानाला नाभी म्हणतात आणि तिच्या नेमक्या वर पृष्ठभागावर असलेल्या बिंदूला अपिकेंद्र म्हणतात. लोकांना परिचित असते ते अपिकेंद्र आणि अभ्यास करावा लागतो तो नाभीचा. स्टॅक ट्रेसमधील शेवटची ओळ हे बिघाडाचे अपिकेंद्र असते. ‘निरंक’ हा शब्द आत आला तो फाईल वाचण्याच्या टप्प्यावर, प्रोग्राम थांबला तो शंभर ओळी पुढे सरासरी काढताना, आणि नवखा संशोधक सरासरीचीच ओळ पुन्हा पुन्हा बदलत बसतो.

दुसरे साम्य अधिक खोल आहे. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासाने कोयनेचे भूकंप जलाशयाशी निगडित असल्याचे जगापुढे आणले. परंतु पाणी भूकंप निर्माण करत नाही, खडकात पूर्वीपासून साठलेल्या ताणाला ते मोकळे होण्याची संधी देते, म्हणून अशा भूकंपांना जलाशयप्रेरित म्हणतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, मोठी फाईल किंवा बदललेला संगणक हेही बहुधा प्रेरक असतात. ‘अपडेट केल्यामुळे बिघडले’ हे वाक्य घटनाक्रम म्हणून खरे असते, परंतु दोष पुष्कळदा वर्षानुवर्षे आत असतो. जुनी आवृत्ती परत बसवल्याने हादरा थांबतो, मात्र ताण तसाच राहतो. कोयनेच्या अभ्यासकांनी गोठणे येथे बसॉल्टचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकात सुमारे ३ किलोमीटर खोल पथदर्शी छिद्र घेतले, कारण वरून केलेल्या मोजणीने कारणाचा तळ लागत नव्हता. सॉफ्टवेअरच्या थरांतूनही कधी कधी असेच खाली उतरावे लागते.

६. आज हा विषय का

हा विषय आज निकडीचा होण्याची तीन कारणे आहेत. पहिले असे, की विश्लेषणाचे निष्कर्ष आता थेट लोकांच्या जीवनाशी जोडले गेले आहेत. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर धरणांतून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, साठा टीएमसीमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पुलाखालची पातळी फुटांत अशा निरनिराळ्या एककांतील नोंदी एकत्र आणून अंदाज बांधले जातात, आणि त्यांतल्या एका स्तंभाचा दोष वस्ती हलवण्याच्या निर्णयापर्यंत पोहोचू शकतो.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहेत, परंतु आज डेटाचे विश्लेषण वनस्पतिशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि वाणिज्य या शाखांचे विद्यार्थीही करतात, आणि त्यांना प्रोग्राम लिहिण्याचे जुजबी शिक्षण मिळाले तरी कोसळलेला प्रोग्राम वाचण्याचे शिक्षण सहसा मिळत नाही. चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत असतो, तो आपल्या अज्ञानावरचा शेरा आहे असे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला वाटते, आणि तो पडदा झाकून घेतो. हे नुकसान आकड्यांत मोजता येत नसले तरी फार मोठे आहे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

तिसरे कारण अगदी ताजे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागेल तो प्रोग्राम क्षणात लिहून देतात आणि कोसळला तर दुरुस्तही करून देतात. परंतु संदेश नाहीसा करणे आणि कारण दूर करणे यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी निष्कर्षावर सही करणाऱ्याचीच राहते. रिकाम्या रकान्यांत शून्य भरून नकार मिटवणारी दुरुस्ती आता पूर्वीपेक्षा सहज मिळते, आणि म्हणूनच ती ओळखणारी नजर पूर्वीपेक्षा अधिक हवी आहे.

७. पुस्तकाचा प्रयत्न

प्रस्तुत पुस्तक कोणत्याही एका सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका नाही, कारण आवृत्त्या बदलतात आणि अशा मार्गदर्शिका काही वर्षांत जुन्या होतात. आर आणि पायथॉन यांतील उदाहरणे त्यात आहेत ती विचाराची पद्धत दाखवण्यासाठी : बिघाड पुन्हा घडवता येतो का, तो लहान करता येतो का, दिसलेल्या ठिकाणाहून मागे जाताना पहिली चुकीची किंमत कोठे भेटते, आणि दुरुस्तीनंतर उत्तर बरोबर आहे याचा स्वतंत्र पुरावा कोणता, या चार प्रश्नांच्या क्रमाने प्रत्येक उदाहरण पुढे जाते. पाऊस, नदीची पातळी, भूकंपलेख, पिके आणि गावांची नावे यांच्या नोंदींवर ही उदाहरणे बेतलेली आहेत, कारण ओळखीच्या आकड्यांत चुकीचा आकडा लवकर खटकतो. दोन टीएमसीचे तुडुंब कोयना धरण कऱ्हाडच्या विद्यार्थ्याला खटकेल, तसे परदेशी पाठ्यपुस्तकातील एखाद्या अनोळखी सरोवराचे खटकणार नाही.

परिभाषेबाबत मध्यम मार्ग स्वीकारला आहे. मेमरी, फाईल, प्रोग्राम हे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत, कारण वाचकाला पडद्यावर तेच भेटणार आहेत. उतरंड, बांध, नाभी यांसारखे मराठी शब्द संकल्पना स्पष्ट होते तेथेच योजले आहेत. कार्यप्रणालीच्या गाभ्यातील दोष, यंत्रभागांचे बिघाड आणि सायबर सुरक्षा हे विषय बाहेर ठेवले आहेत, कारण त्यांना स्वतंत्र ग्रंथांची गरज आहे. वाचकाकडून अपेक्षा एवढीच आहे, की त्याने एकदा तरी स्वतः प्रोग्राम चालवलेला असावा आणि तो बंद पडलेला पाहिलेला असावा.

पुस्तकाचा सर्वांत साधा आग्रह एका वहीचा आहे. प्रत्येक कोसळण्याची तारीख, संदेशाचा पूर्ण मजकूर, आवृत्त्यांचे क्रमांक, दिलेली फाईल आणि केलेला उपाय तीत लिहावा, आणि उपाय सापडला नसेल तर तेही लिहावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकाजवळ जाणारा निरीक्षक पाऊस पडला नाही म्हणून रकाना मोकळा सोडत नाही, तो ‘निरंक’ लिहितो, कारण मोकळ्या रकान्यातून पुढच्या अभ्यासकाला काहीच कळत नाही हे त्याला ठाऊक असते. न नोंदवलेला बिघाड हाही असाच मोकळा रकाना आहे. या दोन जिल्ह्यांच्या पावसाचे, पाण्याचे आणि हादऱ्यांचे जे ज्ञान आज हाती आहे, ते रकाने मोकळे न सोडणाऱ्या माणसांच्या शिस्तीतून आलेले आहे, आणि तीच शिस्त संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांपर्यंत पोहोचावी यासाठी हे पुस्तक आहे.